लाल-निळ्याचा घोटाळा

आरोग्यविषयक लोकप्रिय पुस्तकांत आणि पुरवण्यांत हृदयाच्या इकोची रंगीत चित्रे हौसेने छापली जातात. करड्या पार्श्वभूमीवर लाल-निळे पट्टे आणि खाली एक ओळ: 'बाळाच्या हृदयातील दोष'. यंत्राच्या पडद्यावर कडेला रंगांचा अर्थ सांगणारी पट्टी असते; नेमकी तीच अनेकदा छापताना कापली जाते. मग 'लाल म्हणजे शुद्ध, निळे म्हणजे अशुद्ध' हे शाळेत पाठ केलेला वाचक तोच अर्थ इथे लावतो. आक्षेप आहे तो इथे.

इकोतील रंगांचा ऑक्सिजनशी काडीचाही संबंध नाही. छातीवर टेकवलेला प्रोब श्राव्यातीत ध्वनी सोडतो. रक्तपेशींवर आपटून परतणाऱ्या ध्वनीची वारंवारता बदललेली असते. तिच्यावरून रक्त प्रोबकडे येते आहे की दूर जाते आहे, हे यंत्र ठरवते. येणारे लाल, जाणारे निळे, हा केवळ संकेत. गंमत अशी, की ख्रिस्तियान डॉपलरने १८४२ साली हा परिणाम मांडला तो ताऱ्यांच्या रंगांसंदर्भात, आणि तिथे दूर जाणाऱ्याचा प्रकाश तांबड्याकडे सरकतो!

गळ्याखालच्या खळगीत प्रोब धरला, तर महाधमनीचा वर चढणारा भाग लाल आणि खाली उतरणारा भाग निळा दिसतो. रक्त तेच, ऑक्सिजनही तेवढाच. जिथे प्रवाह ध्वनीच्या मार्गाला काटकोनात असतो, तिथे तर रंगच उमटत नाही. काळे दिसले म्हणजे रक्त नाही, असे मुळीच नव्हे.

हा तपशील किती मोलाचा आहे, हे दुर्मीळ विकारांत कळते. एका जन्मजात दोषात चारही फुप्फुसशिरा डाव्या अलिंदाला जोडलेल्याच नसतात. त्यांचे रक्त आडवाटेने उजव्या अलिंदात पोचते, आणि दोन अलिंदांमधल्या छिद्रातून जेवढे पलीकडे जाईल त्यावर बाळ जगते. या आडवाटेत अडथळा असला, तर नवजात बाळाला धाप लागते, ते निळे पडते. छातीच्या एक्स-रेवरून हा फुप्फुसाचाच आजार वाटू शकतो. शस्त्रक्रिया मात्र तातडीने लागते.

या विकाराच्या एका प्रकारात फुप्फुसांकडचे रक्त छातीच्या डाव्या बाजूच्या एका शिरेतून वर चढते. काही लोकांत त्याच जागी एक जादा महाशीर असते, तिच्यातून रक्त खाली हृदयाकडे येते. करड्या चित्रात दोन्ही नळ्या सारख्याच. गळ्याच्या खळगीतून पाहिल्यास पहिली लाल, दुसरी निळी. निदान फिरते ते या दिशेवर.

अशा बाळाचे हृदय पाठ्यपुस्तकाच्या रीतीने रंगवायचे ठरवले, तर काय होईल? सगळे रक्त उजव्या अलिंदातच मिसळत असल्याने चारही कप्पे साधारण एकाच जांभळट रंगाचे करावे लागतील. इकोत मात्र लाल-निळे ठळकपणे दिसतच राहील.

पाठ्यपुस्तकातील आकृतीला दोष द्यावा असे मला वाटत नाही. तिचा अर्थ सांगायला वर्गात शिक्षक असतो. ('अशुद्ध रक्त' हा शब्द तेवढा सोडावा, ते रक्त घाणेरडे नसते.) वर्गात हृदयाच्या दोन कोऱ्या आकृत्या द्याव्यात. एक ऑक्सिजननुसार रंगवायची, दुसरी प्रोबची जागा ठरवून दिशेनुसार. मग प्रोब दुसरीकडे सरकवायचा आणि दुसरी आकृती पुन्हा रंगवायला सांगायची.