नट, संत आणि मरण

प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' हा दामले व फत्तेलाल दिग्दर्शित चित्रपट १९३६ साली प्रदर्शित झाला व १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. त्यात तुकोबांची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस (१८९२–१९४३) हे निपाणीजवळच्या चिकोडीचे, ही गोष्ट आपल्या सीमाभागातही फार थोड्यांच्या ध्यानी असते. रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत. तेव्हा या चित्रपटाचा विचार येथे अप्रस्तुत ठरू नये.

नट आणि श्रद्धा यांचे नाते ख्रिस्ती विचारास अवघड वाटत आले आहे. शुभवर्तमानात प्रभू ज्यांस 'ढोंगी' म्हणतो, त्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ रंगभूमीवरील नट असाच आहे. ख्रिस्त हा केवळ मानव भासला, असे म्हणणाऱ्या आभासवादी पंथास मंडळीने पाखंडी ठरविले, ते देहधारण ही बतावणी नव्हे म्हणूनच. मग संत नसलेल्या मनुष्याने संत होऊन दाखविले, तर त्यास काय म्हणावे?

या प्रश्नाचे उत्तर चित्रपटातच सापडते, असे आम्हांस वाटते. तेथे सालोमालो हाही कीर्तन करतो. पण त्याची नजर सदैव श्रोत्यांवर असते, आणि दुसऱ्याची रचना तो आपली म्हणून मिरवितो. मूळ ग्रीक अर्थाने 'नट' तो आहे. पागनीस मात्र हातवारे जवळजवळ टाकून देतात. गाताना प्रेक्षकाकडे पाहत नाहीत, आणि गौरीची आवली कडाडते तेव्हा नुसते ऐकून घेतात. रंगभूमीवर स्त्रीभूमिका गाजविलेल्या या गायक नटाची निवड दिग्दर्शकांस प्रारंभी रुचली नव्हती, असे सांगतात. परंतु त्यांच्या अंगची हीच मृदुता येथे नम्रता होऊन प्रकटली. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल ज्यास स्वतःला रिक्त करणे म्हणतो, त्याची ही दूरची का होईना, पण छाया आहे.

धोका आहे तो प्रेक्षकाच्या बाजूने. शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी रचलेले एक पद अनेकांनी तुकोबांचाच अभंग मानले. पुढे तुलसीदास, नरसी मेहता याही भूमिका पागनीसांकडेच आल्या. भक्ताचा चेहरा म्हणजे पागनीसांचा चेहरा, असे समीकरण झाले. 'करुणामयुडु' (१९७८) या तेलुगू चित्रपटात ख्रिस्त झालेल्या विजयचंदर यांच्याविषयीही हाच प्रश्न उद्भवतो. प्रतिमा जेथे बोट दाखविते तिकडे न पाहता बोटासच नमस्कार करणे, ही भाविकाची जुनी चूक होय.

चित्रपटाच्या शेवटाविषयी मात्र आमचा मतभेद नोंदवितो. तुकोबा विमानातून वैकुंठास जातात. मरण जणू वगळलेच जाते. ख्रिस्ती श्रद्धेत पुनरुत्थानाच्या आधी क्रूस आहे, कबर आहे, आणि मधला तो मुका शनिवार आहे. तरीही दिग्दर्शकांनी एक सत्य राखले: बोलावणे आले असता आवली संसार आणि मुले सोडून जात नाही. मृत्यूचे खरे मोल मागे राहणाऱ्यांस भरावे लागते, हे त्या सामान्य स्त्रीच्या नकारातून कळते. पडद्यावरचे तुकोबा प्रत्येक खेळाला वैकुंठास जातात; पागनीस १९४३ साली इतर सर्वांप्रमाणे मरण पावले. त्यांच्यासाठी विमान आले नाही, आणि म्हणून त्यांची श्रद्धा उणी ठरत नाही.

आम्हां धर्मगुरूंस यात एक कठोर बोध आहे. वेदीपाशी उभे राहून आम्ही उच्चारतो ते शब्द आमचे नसतात. कबरेच्या कडेला पुनरुत्थानाचे वचन वाचतो तेही दुसऱ्याचे. तेथे आवलीसारखी कोणी समोर उभी असते. आपला आवाज कसा लागला, इकडे ज्याचे लक्ष गेले तो सालोमालो झाला. तिच्या दुःखाकडे ज्याचे लक्ष राहिले, त्याच्या मुखी ते उसने शब्दही खरे होतात.