देव्हाऱ्यातला खेळाडू आणि शेजारचा खेळाडू

खेळाडूवर प्रेम कसे करावे हे मराठी माणसाला शिकवायला नको, अशी आपली समजूत आहे. २७ मार्च १९९४ रोजी ईडन पार्कवर सचिन तेंडुलकर एकदिवसीय सामन्यात प्रथमच सलामीला आला आणि ४९ चेंडूंत ८२ धावा करून गेला. त्या खेळीचा विषय निघाला, की ऑकलंडच्या मराठी घरांत अजूनही ताटातले जेवण निवते. २०२३ साली वानखेडेवर सचिनचा पुतळाही उभा राहिला. प्रेमाच्या या तऱ्हेला भक्ती म्हणावे. दुसरीही एक तऱ्हा असते. ती ईडन पार्कपासून फार दूर नसलेल्या सँड्रिंगहॅममध्ये, किविटीआ स्ट्रीटच्या फुटबॉल मैदानावर पाहायला मिळते. हिल्सबरोहून तिथे पोचायला वेळ लागत नाही, तरी आपले पाय तिकडे क्वचितच वळतात.

हे मैदान ऑकलंड सिटी या क्लबचे. इव्हान व्हिसेलिच हा त्यांचा लाडका माणूस. तो गोलांचा पाऊस पाडणारा नव्हता. बचावफळीत किंवा मधल्या फळीत उभा राहून समोरच्याचा डाव मोडणे आणि आपल्यांना सावरणे हे त्याचे काम. २००१ मध्ये तो हॉलंडला गेला, काही वर्षे तिथे व्यावसायिक फुटबॉल खेळला आणि २००८ मध्ये परत येऊन ऑकलंड सिटीत दाखल झाला. २०१० च्या विश्वचषकात इटलीसह तिन्ही संघांना बरोबरीत रोखणाऱ्या न्यूझीलंड संघात तो होता. २०१४ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्याने या हौशी म्हणाव्या अशा क्लबला क्लब विश्वचषकात तिसरा क्रमांक मिळवून दिला. त्या स्पर्धेतल्या उत्कृष्ट खेळाडूंत पहिला सर्जिओ रामोस, दुसरा रोनाल्डो आणि तिसरा आपला हा व्हिसेलिच!

परंतु क्लबच्या चाहत्यांचे प्रेम केवळ अशा पराक्रमावर पोसलेले नसते. लाडका खेळाडू हा बहुधा सर्वांत मोठा खेळाडू नसतोच. तो त्यांच्या ओळखीचा असतो. त्याचा वाईट दिवसही त्यांनी कुंपणाला टेकून, पावसात भिजत पाहिलेला असतो आणि चुकला तेव्हा त्याला चार शब्द सुनावलेलेही असतात. भक्ताला हा अधिकार नाही. देवाची चूक काढायची सोय नसते, म्हणून तो हरला की भक्त एक तर सबबी शोधतो, नाही तर उलटून घरावर दगड मारतो. आपल्या क्रिकेटवेडात या दोन्ही गोष्टी घडलेल्या आहेत.

हे नाते आपल्या मातीला परके आहे असेही नाही. गोव्यात ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर वर्षानुवर्षे साळगावकर क्लबचा गोल राखत उभे होते. भारताचे कर्णधारपद त्यांनी भूषवले. गोव्याने १९८३ मध्ये बंगालसह संयुक्तपणे आणि १९८४ मध्ये एकट्याने संतोष करंडक जिंकला, त्या काळातले ते गोलरक्षक. अर्जुन पुरस्कार त्यांना १९९७ मध्ये आणि पद्मश्री २०२२ मध्ये मिळाली. सरकारला जे दिसायला एवढा काळ लागला, ते गोव्यातल्या प्रेक्षकांनी आधीच ओळखले होते.

या प्रेमाची उणीवही सांगितली पाहिजे. पुतळ्याला प्रेक्षक लागत नाही. शेजारच्या खेळाडूची आठवण मात्र क्लब आणि त्याची माणसे यांच्या आधारानेच टिकते. २०१६ मध्ये साळगावकरने राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. इथल्या फुटबॉल किंग्जचा संघ १९९९ मध्ये उभा राहिला आणि २००४ मध्ये संपला. क्लब गेला, की त्याच्या लाडक्यांच्या गोष्टी सांगणारी माणसे पांगतात.

म्हणूनच ऑकलंड सिटीच्या मागे असलेल्या सेंट्रल युनायटेडची कथा आपण नीट पाहावी. हा क्लब १९६२ मध्ये क्रोएशियन स्थलांतरितांनी काढला. तेही आपल्यासारखेच परक्या मुलखात आलेले. त्यांनी मायदेशाच्या संघावर प्रेम केलेच असेल, पण तेवढ्यावर न थांबता इथे मैदान सांभाळले, पोरांचे संघ बांधले. पुढे त्यांच्याच वंशाचा व्हिसेलिच त्या मैदानावर खेळला आणि साऱ्या शहराचा झाला. जून २०२५ मध्ये ऑकलंड सिटीने बोका ज्युनियर्सला १-१ असे रोखले. त्याआधी बायर्नकडून १० आणि बेनफिकाकडून ६ गोल खाल्ले होते. बोकाविरुद्ध गोल करणारा ख्रिश्चन ग्रे शिक्षक होण्याचे शिक्षण घेत होता. उद्या तो कोणाच्या मुलांच्या वर्गावर आला, तर नवल नाही.

भारताचा संघ येतो तेव्हा आपण ईडन पार्क भरून टाकतो, आणि ते योग्यच आहे. प्रश्न त्यानंतरच्या शनिवारांचा आहे. ओनेहंगा स्पोर्ट्स आणि थ्री किंग्ज युनायटेड यांच्या विलीनीकरणातून २०२० मध्ये झालेला ऑकलंड युनायटेड क्लब हिल्सबरोजवळच, कीथ हे पार्कवर आहे. तिथे मुलाला सोडून गाडी वळवणारा पालक आणि रेषेपाशी उभा राहून समोरच्या संघातल्या पोराचीही नावे पाठ करणारा पालक यांत मोठे अंतर आहे. आपल्या मुलांना सचिनची गोष्ट आपण सांगूच. पण ती मोठी होऊन आपल्या नातवंडांना कोणाची गोष्ट सांगतील? ती व्यक्ती याच गावातली असावी, त्यांनी स्वतः पाहिलेली असावी असे वाटत असेल, तर त्या रेषेपाशी आपल्यालाही उभे राहावे लागेल. तिथे तिकीट लागत नाही. शनिवारची सकाळ तेवढी द्यावी लागते.