उष्णतावहन आणि सापेक्षतेची भूमिती : उसनवारी की सगोत्रता?

2012 मध्ये गेनो, आम्रा व वेनांत यांनी निर्देशकांचे रूपांतर करून, उष्णतेचा प्रवाह एखाद्या वस्तूला वळसा घालून कसा नेता येईल, हे दाखविले. अशा कामास सापेक्षतावादाकडून केलेली उसनवारी म्हणणे सोपे आहे. पण ते कितपत यथार्थ आहे, हे पाहिले पाहिजे.

भाषाशास्त्र केवळ साम्यावरून उसनवारी मानीत नाही. संस्कृत ‘मातृ’ व लॅटिन ‘मातेर’ यांतील साम्य समान मुळातून आले आहे. येथेही तोच न्याय लागू पडतो. रीमान यांनी 1861 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे पाठविलेला निबंध उष्णतावहनाविषयीच होता. बदलत्या सहगुणकांचे द्विघाती रूप स्थिर सहगुणकांच्या रूपात केव्हा आणता येते, याचा विचार करताना त्यांनी जी राशी मांडली, तीच पुढे वक्रता-प्रदिश म्हणून ओळखली गेली. निबंधास पारितोषिक मिळाले नाही. तो 1876 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, प्रसिद्ध झाला. आइन्स्टाइन यांची क्षेत्रसमीकरणे 1915 ची. तेव्हा वक्रतेची भाषा उष्णतेच्या घरी परकी नव्हे.

खास सापेक्षतेचे जे आहे, ते निराळेच. दिक्कालाच्या अंतररूपात काळाच्या पदाचे चिन्ह अवकाशाच्या पदांविरुद्ध असते. त्यातून प्रकाशशंकू सिद्ध होतो व कार्यकारणसंबंधास मर्यादा पडते. फूरिए यांच्या 1822 च्या ग्रंथातील समीकरणात असा शंकू नाही. एका टोकास दिलेली उष्णता, अत्यल्प प्रमाणात का होईना, दुसऱ्या टोकास तत्क्षणी पोचते. काट्टानेओ यांनी 1948 मध्ये शिथिलनकालाचे पद जोडून हा वेग सान्त केला खरा. परंतु तो पदार्थागणिक बदलतो. प्रकाशवेगाचे सार्वत्रिकत्व त्यास नाही.

शिवाय, स्थिर अवस्थेत वाहकता-प्रदिशापासून अंतररूप बनविणे तीन मितींत साधते. पातळ पत्र्यासारख्या दोन मितींच्या प्रश्नात ते सर्वसाधारणपणे साधत नाही. कारण तेथे अंतररूपापासून मिळणाऱ्या वाहकता-प्रदिशाचा निर्धारक नेहमी 1 च येतो.

म्हणून या पद्धतीचा अवलंब करणाऱ्याने आरंभीच स्पष्ट करावे, की अंतररूप अवकाशाचे आहे की दिक्कालाचे, आणि शंकू असल्यास तो कोणत्या वेगाचा. नाव सापेक्षतेचे व आशय केवळ निर्देशक-बदलाचा असला, म्हणजे विद्यार्थी गणिती सोयीलाच भौतिक सिद्धांत समजू लागतो. पद्धत मोलाची आहे. नावाची शिस्त मात्र पाळली गेली पाहिजे.