अर्धे वाचलेले महाकाव्य

राजकीय भाषणाचे समीक्षण साहित्यविषयक त्रैमासिकात कशासाठी, असा प्रश्न आमच्या काही वाचकांना पडेल. परंतु काही भाषणे वाङ्मयकृतीइतक्याच काळजीने रचलेली असतात. त्यांचा परिणाम शब्दयोजनेतून, दृष्टान्तांतून व संदर्भांतून होतो, आणि म्हणून त्यांची परीक्षाही वाङ्मयाच्या कसोटीवर व्हावयास हवी. २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅम येथे हुजूर पक्षाचे खासदार इनॉक पॉवेल यांनी केलेले भाषण या जातीचे आहे. 'रक्ताच्या नद्या' या नावाने ते ओळखले जाते. परक्यांविरुद्ध लोकमत कसे चेतवले जाते, हे समजून घेण्यास याहून बोधप्रद नमुना क्वचितच सापडेल.

पॉवेल (१९१२-१९९८) हे चव्हाट्यावरचे आरडाओरड करणारे वक्ते नव्हते. वयाच्या पंचविसाव्या वर्षी ते सिडनी विद्यापीठात ग्रीक भाषेचे प्राध्यापक झाले. दुसऱ्या महायुद्धात सैन्याधिकारी म्हणून ते भारतात होते, व येथे उर्दूही शिकले. १९६० ते १९६३ या काळात ते आरोग्यमंत्री होते, आणि तेव्हा राष्ट्रकुल देशांतून आलेले डॉक्टर व परिचारिका ब्रिटिश रुग्णालयांत राबत होत्या. अशा बहुश्रुत गृहस्थाने हे भाषण करावे, यातच त्याचे गांभीर्य आहे.

प्रसंग असा होता. घर भाड्याने देताना वा नोकरी देताना वंशावरून भेदभाव करण्यास मनाई करणारे विधेयक ब्रिटिश संसदेपुढे येणार होते. त्याआधीच, मार्च १९६८ मध्ये, केनियातील ब्रिटिश पारपत्रधारक आशियाई लोकांचा प्रवेश रोखणारा कायदा मजूर पक्षाच्या सरकारने अवघ्या तीन दिवसांत संमत करून घेतला होता. म्हणजे भीती आधीच हवेत होती. पॉवेल यांनी तिला भाषा दिली.

ही भाषा बारकाईने पाहू. भाषणातील सर्वांत जहाल वाक्ये पॉवेल स्वतःच्या नावावर घेत नाहीत. ती कोणा साध्या कामगाराची असतात, कोणा पत्रलेखिकेची असतात. रस्त्यावर एकटी उरलेली एक गोरी वृद्धा, जिचे पती व पुत्र युद्धात गेले, तिच्या दारातील टपालाच्या फटीतून विष्ठा टाकली जाते, अशी कथा ते सांगतात. वार्ताहरांनी त्या वेळी पुष्कळ शोध घेतला. वृद्धा सापडली नाही. वक्ता केवळ निरोप्या ठरतो, जबाबदारी अनामिकावर जाते, आणि श्रोत्याला वाटते की आपल्याच मनातले कोणीतरी बोलून दाखवले.

न्यायाने हेही म्हटले पाहिजे की, श्रोत्यांची सर्व गाऱ्हाणी काल्पनिक नव्हती. घरे अपुरी होती, शाळांत गर्दी होती, ओळखीची वस्ती बदलत होती. लोकानुनयी वक्ता दुःख निर्माण करीत नाही; तो त्या दुःखाला चुकीचा पत्ता देतो. घरे कोणी बांधली नाहीत, हा प्रश्न बाजूला पडतो आणि शेजारच्या खोलीत कोण आले, एवढाच उरतो.

परिणाम तात्काळ झाला. दुसऱ्याच दिवशी पक्षनेते एडवर्ड हीथ यांनी पॉवेल यांना आपल्या छाया-मंत्रिमंडळातून दूर केले. परंतु २३ एप्रिलला सुमारे एक हजार गोदी कामगार त्यांच्या समर्थनार्थ संसदेवर चालून गेले, आणि गॅलप संस्थेच्या पाहणीत ७४ टक्के लोकांनी त्यांच्या मताला होकार दिला.

आता ज्या संदर्भावरून भाषणाला नाव मिळाले, त्याकडे वळू. टायबर नदी रक्ताने फेसाळलेली आपल्याला 'त्या रोमनाप्रमाणे' दिसते, असे पॉवेल म्हणाले. हा उल्लेख व्हर्जिलच्या 'इनीड' महाकाव्याच्या सहाव्या सर्गातील आहे. सेमिनरीत लॅटिन घोकताना आमचा या काव्याशी थोडाफार परिचय झाला, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करतो. तेथे भविष्य उच्चारणारी व्यक्ती रोमन नाही. रोमचा तेव्हा जन्मही झालेला नाही. बोलते ती क्यूमीची सिबिल, आणि ऐकतो तो इनीअस: जळत्या ट्रॉयमधून पित्याला खांद्यावर घेऊन, मुलाचा हात धरून निघालेला, समुद्र ओलांडून आलेला निर्वासित. ज्या ओळीने पॉवेल यांनी आगंतुकांचे भय दाखवले, ती ओळ एका आगंतुकालाच उद्देशून आहे, आणि रोमन लोक त्यालाच आपला मूळ पुरुष मानीत.

काव्य पुढे वाचले असता तर आणखी काही दिसते. लॅटियमचा राजा लॅटिनस परक्यांचे स्वागत करतो. युद्ध होते ते जूनो देवीने पाठवलेल्या अलेक्टोमुळे. ती राणीच्या मनात विष कालवते, तरुण टर्नसला चेतवते, एका पाळीव हरणाच्या शिकारीचे निमित्त करून गावकऱ्यांच्या हाती शस्त्रे देते, आणि आसपासच्या नगरांत अफवा पसरवण्याचीही तयारी दर्शवते. टायबरच्या तीरावर रक्त सांडते, पण ते परके आले एवढ्यानेच नव्हे. कोणीतरी हेतुपुरस्सर आग लावली म्हणून. अखेरच्या सर्गात देवांचा तोडगा असा की, स्थानिकांनी आपले नाव व भाषा राखावी, आणि नवागतांनी त्यांच्यात मिसळून जावे. पॉवेल यांना हे ठाऊक नव्हते असे म्हणवत नाही. त्यांना सर्व ठाऊक होते. सभेपुढे मात्र त्यांनी अर्धेच ठेवले. या भाषणातील आम्हाला जाणवणारा सर्वांत मोठा दोष हाच.

अलेक्टो अद्याप निवृत्त झालेली नाही. २९ जुलै २०२४ रोजी साउथपोर्ट येथे तीन बालिकांची हत्या झाली. मारेकरी होडीतून आलेला निर्वासित आहे, अशी अफवा उठली. तो कार्डिफ येथे जन्मलेला होता. परंतु सत्य पोहोचेपर्यंत दंगली पेटल्या, आणि ४ ऑगस्टला रॉदरहॅममध्ये आश्रयार्थी राहत असलेल्या हॉटेलाला आग लावण्याचा प्रयत्न झाला.

काव्याच्या पहिल्या सर्गात कार्थेजची राणी डायडो वादळात सापडलेल्या ट्रोजनांना आश्रय देते, कारण तीही कधीकाळी देशोधडीला लागलेली असते. ही आठवण माणसाला किती सहज सोडून जाते, याचे एक उदाहरण आपल्या परिचयाच्या मुलखातून येते. पूर्व आफ्रिकेतील आशियाई लोकांत गोव्याची पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबे होती. अशाच एका गोवेकराने फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे तो कायदा होण्याच्या किंचित आधी, केनियाहून ब्रिटन गाठले. त्यांची कन्या सुएला ब्रेव्हरमन पुढे गृहमंत्री झाल्या, आणि ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी होड्यांतून येणाऱ्यांविषयी बोलताना त्यांनी संसदेत 'आक्रमण' हा शब्द वापरला. सीमांचे नियमन हे सरकारचे कर्तव्य आहे, याबद्दल वाद नाही. पण नियमनाला तो शब्द लागत नाही.

त्यांना दोष देऊन आम्ही मोकळे होऊ शकत नाही. आमच्या धर्मग्रामातील किती घरांतून कोणी आखातात, कोणी कॅनडात, कोणी इंग्लंडात आहे! सणाला त्यांचा फोन येतो, तेथील वागणुकीबद्दल ते हळू आवाजात काही सांगतात, आणि आपला जीव तुटतो. त्याच घरांच्या ओटीवर बसून 'बाहेरच्यांनी गाव बिघडवले' हे आम्ही ऐकले आहे, आणि चहाचा कप हातात असताना मानही डोलावली आहे. पाणी अपुरे आहे, गाडीत पाय ठेवायला जागा नाही, हे गाऱ्हाणे खरे आहे. ते कोणाच्या दारी न्यायचे, एवढाच प्रश्न आहे. पुढच्या वेळी मान डोलावण्याऐवजी निदान तेवढे तरी विचारावे, असे आम्ही ठरवले आहे.