जखमा राखून उठलेला प्रभू

पुनरुत्थानाच्या आनंदाविषयी बोलणे सोपे आहे. तो आनंद ऐकणाऱ्यास खरा वाटावा असे बोलणे मात्र कठीण. ईस्टरच्या जागरणविधीत आम्ही ‘आलेलुया’चा उच्चार करतो, तेव्हा समोरच्या बाकांवर गेल्या वर्षभरात घरातले माणूस मातीआड केलेली कुटुंबे बसलेली असतात. त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिले की आमचे शब्द आम्हांलाच हलके वाटू लागतात. या अडचणीत आम्हांला वाट दाखविणाऱ्या एका कलाकृतीचा परिचय करून द्यावा व तिची थोडी पारखही करावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ही कलाकृती म्हणजे इसेनहाइमचे वेदीचित्र. माथियास ग्रूनेवाल्ड या जर्मन चित्रकाराने ते १५१२ ते १५१६ या काळात आल्सेस प्रांतातील इसेनहाइम येथील संत अँथनीच्या मठासाठी रंगविले. आज ते फ्रान्समधील कोल्मार येथील उंटरलिंडेन संग्रहालयात आहे. मूळ चित्र पाहण्याचा योग आम्हांला आलेला नाही. सेमिनरीच्या ग्रंथालयातील एका छापील प्रतीवरून आमची त्याच्याशी ओळख झाली, ती आजवर टिकली आहे.

हा मठ रुग्णसेवेला वाहिलेला होता. ‘संत अँथनीचा अग्नी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भयंकर व्याधीचे रोगी तेथे येत. राय नावाच्या धान्यावर वाढणारी विषारी बुरशी भाकरीतून पोटात गेल्याने हा रोग होतो, हे पुढे कळले. अंगाची आग होई, हातपाय काळे पडून सडत, कित्येकदा ते कापावे लागत. अशा रुग्णांना या वेदीसमोर आणले जात असे, असे अभ्यासक मानतात. हे चित्र कोणासाठी काढले, हे विसरून ते वाचता येणार नाही.

वेदीच्या फळ्या मिटलेल्या असत तेव्हा रुग्णांना दिसे तो क्रूसावरचा ख्रिस्त. त्याचे अंग फिकट हिरवट पडलेले, त्वचेवर असंख्य काटे रुतलेले, बोटे वेदनेने ताणलेली. पवित्र मरिया शुद्ध हरपून संत योहानाच्या हातांवर कलली आहे. मरिया मग्दालेना गुडघे टेकून हात पिळते आहे. उजवीकडे बाप्तिस्ता योहान लांब बोटाने प्रभूकडे निर्देश करतो. येथे सौंदर्याची कसलीही सवलत नाही. रुग्णाला आपलेच शरीर क्रूसावर दिसावे, इतकी ती वेदना ओळखीची आहे.

सणाच्या दिवशी या फळ्या उघडल्या जात. उजवी फळी फिरली की तिच्या पाठीमागे पुनरुत्थित प्रभू प्रकट होई. काळ्या, तारांकित रात्री पिवळ्या-केशरी तेजाचे प्रचंड वलय, त्यात उंचावलेला ख्रिस्त, कबरीतून त्याच्या मागे ओढले जाणारे आणि निळ्यातून तांबड्या-सोनेरी रंगात पालटत जाणारे प्रेतवस्त्र, खाली कोलमडलेले सैनिक. अंगावरचे काटे आणि व्रण नाहीसे झाले आहेत. हातापायांच्या व कुशीच्या जखमा मात्र तशाच आहेत, आणि आता त्यांतून प्रकाश येतो आहे.

आमच्या मते या कृतीचे मर्म येथे आहे. ज्या फळीवर क्रूसावरचा देह आहे, त्याच फळीच्या पाठीवर पुनरुत्थान आहे. ग्रूनेवाल्डचा आनंद दुःखाशेजारी मांडलेला नाही, दुःख पुसून त्या जागी रंगविलेलाही नाही. फळी उघडताना क्रूसावरच्या प्रभूचा एक हात देहापासून दुरावतो, त्याशिवाय पलीकडचे चित्र दिसतच नाही. ज्याचा हात किंवा पाय गेला होता, त्या रुग्णाच्या मनात तो क्षण पाहताना काय उमटले असेल?

या चित्रात आम्हांला एक उणीवही जाणवते. प्रभू येथे एकटा आहे. त्याचा चेहरा प्रकाशात जवळजवळ विरघळून गेला आहे, आणि त्याच्याभोवती केवळ दिपून पडलेले सैनिक आहेत. शुभवर्तमानांतील आनंद असा एकाकी नाही. योहानाच्या शुभवर्तमानात मरिया मग्दालेनाला तिच्या नावाने हाक येते. लूकच्या शुभवर्तमानात अम्माऊसच्या वाटेवरील दोघांना भाकर मोडताना प्रभू ओळखू येतो. पुढे तो शिष्यांपुढे भाजलेला मासा खातो. हा घरगुतीपणा ग्रूनेवाल्डला साधला नाही, असे आम्ही बरीच वर्षे मानत आलो.

आमचे मत बदलले ते आमच्याच धर्मग्रामातील एका वृद्ध गृहस्थांमुळे. मधुमेहाने त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. आम्ही कम्युनियन घेऊन घरी गेलो असता त्यांनी विचारले, “फादर, तिथं मला हा पाय परत मिळंल का? आन् नाय मिळाला, तर आमची माणसं मला ओळखतील ना?” आम्ही गौरवी शरीराविषयी शिकलेले सर्व सांगितले. त्यांनी आदराने ऐकून घेतले. पण त्यांचे समाधान झाले नाही, हे आम्हांला दिसत होते. पुढच्या खेपेस आम्ही ते छापील चित्र सोबत नेले. त्यांनी ते बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाले, “घाव ठेवलेत त्यानं.” मग त्यांचा चेहरा खुलला.

तेव्हा आम्हांला उमगले की ग्रूनेवाल्डने साक्षीदार चित्रात घातले नाहीत, कारण ते वेदीसमोर होते. थोमाने प्रभूला जखमांवरून ओळखले, त्या रुग्णांनीही तसेच ओळखले असेल. प्रभूची माणसे चौकटीबाहेर होती आणि त्यांच्या समोरच्या वेदीवर भाकर मोडली जात होती. आम्ही उणीव म्हटले, ती जागा त्यांच्यासाठी मोकळी ठेवलेली होती.

ख्रिस्ती श्रद्धेचा आनंद हा दुःख विसरण्याचा आनंद नव्हे. जे सोसले ते वाया गेले नाही, देवाने ते आपल्या पुत्राच्या देहावर जपून ठेवले आहे, या भरवशाचा तो आनंद आहे. येत्या ईस्टरला ‘आलेलुया’ म्हणताना ज्यांचा कंठ दाटून येईल, त्यांनी त्याचा संकोच मानू नये. दाटल्या कंठाचे ‘आलेलुया’ही खरेच असते, हे त्या वृद्धाने आम्हांला शिकविले. आता ते आमच्या दफनभूमीत विसावले आहेत.