खलनायकाचे दुःख आणि हिशेबाची वही

खलनायकाच्या भूतकाळात एखादे दुःख सापडले की त्याच्या कृत्यांचा जाब विचारणे असंस्कृतपणाचे ठरते, अशी एक वाङ्मयीन रीत आपल्याकडे रूढ झाली आहे. कादंबरीत आणि नाटकात ती होतीच. आता ती मोबाइलच्या पडद्यावरही आली आहे. हिंगोली जिल्ह्यातील ज्या महाविद्यालयात मी मराठी शिकवतो, तेथील मुले शोकात्मिकेवरच्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना सुधाकर आणि कर्ण यांच्याबरोबर आता व्हिडिओ गेममधल्या पात्रांचीही उदाहरणे देतात. त्यात ड्रॅक्युला हे नाव वारंवार येते. त्याची बायको लोकांनी मारली, मग त्याने दुसरे काय करायचे होते, असा त्यांचा सवाल असतो.

अशा खेळाची चर्चा या पृष्ठांवर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. माझे म्हणणे असे की, आमच्या पिढीच्या हाती पुस्तक उशिरा आले, पण या पिढीच्या हाती मोबाइल लवकर आला आहे. दुःख म्हणजे काय, सूड म्हणजे काय, नियती म्हणजे काय, याच्या कल्पना मुले आता तेथूनही घेत आहेत. समीक्षेने तिकडे पाठ फिरवली तर त्या कल्पना न तपासताच रुजतील.

'कॅसलव्हेनिया : सिम्फनी ऑफ द नाइट' हा खेळ जपानच्या कोनामी कंपनीने १९९७ मध्ये प्लेस्टेशनसाठी काढला. २०२० मध्ये तो मोबाइलवर आला. कथा थोडक्यात अशी : ड्रॅक्युला हा माणसांचे रक्त पिऊन जगणारा किल्लेदार. त्याने लिसा नावाच्या एका मानवी स्त्रीशी संसार मांडला. त्यांना अलुकार्ड हा मुलगा झाला. लिसा आजाऱ्यांसाठी औषधे करी. लोकांनी तिला चेटकीण ठरवून ठार मारले. त्यानंतर ड्रॅक्युलाने साऱ्या मानवजातीशी वैर धरले. तो मारला जातो आणि पुन्हा उठतो. त्याचा किल्लाही पुन्हा पुन्हा उभा राहतो. १७९७ साली किल्ला असाच परत उभा राहतो, तेव्हा अलुकार्ड बापाविरुद्ध निघतो. खेळणारा या अलुकार्डच्या भूमिकेत असतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या मूळ कादंबरीत ड्रॅक्युलाला असे गमावलेले प्रेम नाही. तो तेथे सरळसरळ शोषक आहे : जुन्या किल्ल्यात राहणारा, दुसऱ्यांच्या रक्तावर पोसलेला सरंजामदार. त्याच्या पदरी विरह पुढे घातला गेला. फ्रान्सिस फोर्ड कपोलाच्या १९९२ सालच्या चित्रपटात त्याची पत्नी जीव देते आणि तो देवाविरुद्ध बंड करतो. कोनामीच्याच २००३ सालच्या खेळात माथियास नावाचा एक सरदार पत्नीच्या मृत्यूनंतर देवाला नाकारतो आणि पुढे ड्रॅक्युला बनतो. २०१७ च्या नेटफ्लिक्स मालिकेत लिसाला खांबाला बांधून जाळल्याचे दृश्य सुरुवातीलाच येते. म्हणजे शंभर वर्षांत शोषकाचे हळूहळू विरही प्रियकरात रूपांतर झाले. रक्त पिणे तेच राहिले. ते पाहताना प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येऊ लागले, एवढाच फरक.

हे रूपांतर कोणाच्या सोयीचे आहे? दुःख दाखवण्याला माझा विरोध नाही. दुष्ट माणसालाही आतून पाहावे, ही साहित्याची जुनी आणि योग्य मागणी आहे. आक्षेप वाटणीला आहे. किल्ल्यात अलुकार्ड शेकडो सांगाडे, प्रेते, पहारेकरी तोडत पुढे जातो आणि प्रत्येक वधागणिक त्याच्या अनुभवाचे गुण वाढतात. यांपैकी कोणाची लिसा कोठे मारली गेली होती काय, हे खेळ विचारत नाही. दुःखाचा इतिहास फक्त धन्याला आहे. चाकरांच्या वाट्याला फक्त मरण आहे.

आणि ज्या लिसामुळे हे सारे घडले, तिची शोकात्मिका कोठे आहे? खरी शोकात्मिका तिची आहे. औषध जाणणारी बाई, म्हणून संशयास्पद बाई, म्हणून चेटकीण, म्हणून मरणास पात्र : ही साखळी केवळ युरोपची नाही. करणी केली म्हणून आपल्याकडेही बायका मारल्या गेल्या, गावाबाहेर काढल्या गेल्या. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्यावर करणी-चेटकाचा आळ घालून त्याला छळणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. लिसाचे मरण आपल्या इतके जवळचे आहे. पण ड्रॅक्युलाच्या कथेत ते त्याच्या क्रोधाचे इंधन होऊन जाते. मेली ती, आणि दुःखाचा धनी झाला तो.

एवढे म्हटल्यावर खेळाला न्यायही दिला पाहिजे. त्याच्या चाहत्यांपेक्षा तो अधिक शहाणा आहे. एका प्रसंगी अलुकार्डला स्वप्न पडते. स्वप्नात आईला देहदंड दिला जात आहे आणि ती त्याला माणसांचा द्वेष करायला सांगते. अलुकार्ड तिला आई मानायला नकार देतो. आपली आई असे सांगणार नाही, हे तो ओळखतो. आणि खरोखरच आईचे रूप घेतलेली ती एक मायावी राक्षसी निघते. शेवटी हरलेला ड्रॅक्युला लिसाचे अखेरचे शब्द विचारतो, तेव्हा मुलगा निरोप सांगतो : माणसांचा द्वेष करू नका, त्यांच्यासोबत राहता आले नाही तरी निदान त्यांना इजा करू नका, अशा आशयाचा. बाप मरताना तिची क्षमा मागतो.

या दोन प्रसंगांत संपूर्ण खेळाचा अर्थ आहे, असे मला वाटते. ज्या स्त्रीला बापाने गमावले तिलाच मुलानेही गमावले. घाव एकच होता. एकाने त्यातून संहार काढला, दुसऱ्याने संहाराला विरोध. मग ड्रॅक्युलाला नियतीने ढकलले असे कसे म्हणावे? नियती असती तर ती दोघांनाही एकाच दिशेने घेऊन गेली असती. बापाने ठरवले आणि मुलानेही ठरवले. अलुकार्ड हे पात्र म्हणजे ड्रॅक्युलाच्या नियतीवादावरची या खेळातलीच टीका आहे.

नियती या शब्दाकडे आपण विशेष संशयाने पाहिले पाहिजे, कारण आपल्याला तो फार महाग पडला आहे. माझे आजोबा सालगडी होते. पाडव्याला साल संपे, हिशेब होई आणि उचल फिटलेली नसे. आजी कपाळावर हात मारून म्हणे, नशीब. हिशेबाची वही मात्र मालकाच्या घरी असे आणि आमच्या घरात ती वाचू शकेल असे कोणी नव्हते. मी पदवी घेतलेला आमच्या घरातला पहिला. शिकल्यावर मला एवढेच कळले की, ज्याला आजी नशीब म्हणत होती ते कोणीतरी शाईने लिहिलेले होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दैन्य ठरते ही कल्पना नाकारली, ती याच कारणासाठी. दैन्याचे कारण मागच्या जन्मात टाकले की या जन्मातला अपराधी सुटतो.

मराठी वाचकाला नियतीचा लळा कर्णाने लावला. 'मृत्युंजय' १९६७ मध्ये आली, 'राधेय' १९७३ मध्ये. दोन्ही कादंबऱ्यांवर वाचकांनी उदंड प्रेम केले. पण कर्णासाठी आपण का रडतो, हे तपासून पाहावे. तो सूतपुत्र म्हणून अपमानित होतो, यासाठी आपले डोळे भरतात. परंतु तो मुळात सूतपुत्र नाहीच, हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक असते. क्षत्रियाला चुकून सूताची वागणूक मिळाली, हे ते दुःख. खरोखरच सूत असलेल्या अधिरथाच्या वाट्याला हा शोक येत नाही. 'राधेय' या शीर्षकात नाव राधेचे आहे, आणि कथा कुंतीच्या मुलाची. द्रौपदीच्या भर सभेतल्या विटंबनेत कर्णाचा जो वाटा होता, तो मग शापांच्या आणि दैवाच्या ढिगाखाली झाकून जातो.

याच्या उलट टोकाला असुर आहे. हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याला रावणाचा पुतळा जळतो आणि तो पाहायला गावोगावचे लोक येतात. बहिणीचे नाक कापले गेले, हे रावणाचे दुःख कथेत असूनही त्याच्यासाठी कोणी हळहळत नाही. त्याला जाळायला त्याचे राक्षसपण पुरते. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त दैत्य-राक्षस ही नावे कोणी कोणाला दिली, हा प्रश्न उभा केला होता. तो अजून सुटलेला नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये 'राजी' हा खेळ काढला. त्याची नायिका कसरती करून पोट भरणारी मुलगी आहे, ही आनंदाची गोष्ट. पण खलनायकाचे नाव पुन्हा महाबलासुरच. म्हणजे किल्लेदाराला नियती आणि असुराला जन्म. एकाला त्याच्या नावावर माफी मिळते, दुसऱ्याला त्याच्या नावावर शिक्षा. दोन्हीकडे माणसाने काय ठरवले, हा प्रश्न गाळला जातो.

हा केवळ खेळातला प्रश्न असता तर मी तो येथे मांडला नसता. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. त्या आगीचे स्पष्टीकरण देताना अस्मिता दुखावल्या, भावना भडकल्या, अशी भाषा वापरली गेली. व्याकरण ड्रॅक्युलाचेच : जाळणारा आधी दुखावलेला होता. ज्यांची घरे जळाली त्यांच्या भावनांना मात्र भडकण्याची मुभा नव्हती. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

आणि दुखावणे म्हणजे काय, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते त्यांनी काय केले? २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यालेल्या सत्याग्रहींवर हल्ला झाला. डोकी फुटली. उलट वार करायला माणसे तयार होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि लढा पुढे नेला. जखम कमी होती म्हणून हे घडले नाही. जखमेचे काय करायचे, हे तेथे विचारपूर्वक ठरवले गेले. त्या ठरवण्यालाच मी माणूसपण म्हणतो.

म्हणून खलनायकाच्या दुःखाबद्दल आपली भूमिका स्पष्ट असावी. दुःख हे कृत्याचे कारण असू शकेल. ते कृत्याचा परवाना नव्हे. दुःखी खलनायक दिसला की तीन प्रश्न विचारावेत : या दुःखाची किंमत कोणी मोजली? हेच दुःख ज्यांच्या वाट्याला आले त्या इतरांनी काय केले? आणि जिच्या मरणाने तो पेटला, तिला कोणी बोलू दिले काय? मोबाइलवर वाढलेल्या आपल्याच मुलांपैकी कोणी उद्या असा खेळ रचील. त्यात किल्ल्याच्या पहारेकऱ्यालाही घर असेल, आणि औषधांची झोळी घेऊन लिसा स्वतः गावातून चालत जाईल. तिला वाचवता येईल की नाही, हे मग खेळणाऱ्याने ठरवायचे.