परिबलाचे चिन्ह आणि आडावरचा रहाट

पदार्थविज्ञानाच्या प्रारंभिक पाठ्यपुस्तकांत घूर्णनगतीच्या प्रकरणी एक वाक्य हमखास आढळते : घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेचे परिबल धन, काट्यांच्या दिशेचे ऋण. हे वाक्य चुकीचे नाही, अपुरे आहे. अपुरा संकेत नियमाच्या थाटात मांडला म्हणजे काय अनर्थ होतो, ते एका उदाहरणाने पाहू.

जालना जिल्ह्यातील हसनाबादसारख्या गावचा एखादा आड डोळ्यांसमोर आणावा. त्यावरील रहाट ही ४ किलोग्रॅमची एकविध तबकडी मानू. दोराला ५ किलोग्रॅमचा भरलेला पोहरा आहे. घर्षण व दोराचे वस्तुमान उपेक्षणीय समजू. दोर चाकाच्या उजव्या कडेने उतरतो आणि पोहरा सुटतो. रहाट काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणून विद्यार्थी दोराच्या ताणाचे परिबल ऋण घेतो. पोहरा खाली जातो, म्हणून त्याच्यासाठी अधोदिशा धन घेतो. या दोन्ही निवडी स्वतंत्रपणे निर्दोष आहेत. परंतु त्यानंतर तो सवयीने लिहितो की, रेषीय त्वरण म्हणजे त्रिज्या गुणिले कोनीय त्वरण. आणि येथेच घात होतो. गणिताअंती पोहऱ्याचे त्वरण ४९ भागिले ३, म्हणजे प्रतिसेकंद वर्गास सुमारे १६.३ मीटर येते. दोराने अडलेला पोहरा मुक्त पतनाहूनही त्वरेने पडतो, आणि ताण ऋण येत असल्याने दोर त्याला चक्क खाली ढकलतो! वस्तुतः या निवडींनुसार त्या संबंधात उणे चिन्ह हवे. ते घातले की त्वरण ४९ भागिले ७, म्हणजे ७ मीटर, आणि ताण १४ न्यूटन येतो. न्यूटनचे नियम दोन्ही वेळा तेच होते. चुकला तो दोन धन दिशांना जोडणारा दुवा. आणि पाठ्यपुस्तकातील ते वाक्य नेमके त्याविषयी मौन पाळते.

दुसरा दोष अधिक मूलगामी आहे. आडाच्या पलीकडे उभ्या असलेल्यास तोच रहाट काट्यांच्या उलट फिरताना दिसतो. तेव्हा काट्यांची दिशा हा केवळ चाकाचा गुण नव्हे. पाहणाऱ्याची बाजू सांगितल्यावाचून तिला अर्थ नाही. आपल्या भाषेनेही येथे सावध केले आहे. संस्कृतात ‘सव्य’ म्हणजे मुख्यतः डावा. म्हणूनच डाव्या हातानेही बाण सोडणारा अर्जुन सव्यसाची. मराठीत मात्र सव्य म्हणजे उजवे, काट्यांच्या दिशेचे, असा अर्थ रूढ झाला. देवळातील प्रदक्षिणा वरून पाहता काट्यांच्या दिशेची, अर्थात त्या संकेताप्रमाणे ऋण! त्यामुळे तिला कोणी अशुभ म्हणणार नाही.

उजव्या हाताच्या नियमाने हा प्रश्न सुटतो, असे काहींचे म्हणणे आहे. ते अंशतःच खरे आहे. त्या नियमाने परिबल-सदिशाची दिशा ठरते. परंतु अक्षाची कोणती बाजू धन मानावयाची, हे आपणच ठरवावयाचे असते. शिवाय उजवाच हात घेणे हाही एक करारच होय.

म्हणून अध्यापकांस विनंती की, पहिले समीकरण लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्याकडून तीन गोष्टी लिहवून घ्याव्यात : अक्षाची धन दिशा, पोहऱ्याची धन दिशा, आणि त्या दोहोंस जोडणारा संबंध त्याच्या चिन्हासह. संकेत निवडण्यास आपण मुक्त आहोत. निवडल्यानंतर मात्र नाही.